पुराव्याचा भार कोणावर?

श्रोतेहो, नीतिशास्त्र हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें ग्रंथालयांतील जाडजूड पुस्तकें आणि त्यांवर वाद घालणारे पंडित उभे राहतात. कचेरी, कारखाना, बँक, शाळा हे शब्द उच्चारले कीं हिशेब, वेळापत्रकें आणि वरिष्ठांचीं पत्रें आठवतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. धंद्यांत नीति आणूं नये असें म्हणणारे गृहस्थही घरीं सज्जनच असतात. आजच्या भाषणांत मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, संस्था चालविणाऱ्या माणसाला नीतिशास्त्र टाळतांच येत नाहीं. तो बैठकींत जो प्रश्न विचारतो, त्या प्रश्नांतच त्याचें नीतिशास्त्र आलेलें असतें. मी मॅट्रिक होऊन मास्तरकींत जन्म घालविलेला माणूस आहे, तत्त्वज्ञानाचा पंडित नव्हे. परंतु मास्तरालाही प्रसंगीं एक लहानशी संस्था चालवावी लागते, आणि तेथें माझ्या हातून घडलेल्या एका चुकीनें मला या विषयाकडे ओढलें. ती चूक शेवटीं सांगेन.

प्रथम शास्त्रकारांचें म्हणणें थोडक्यांत पाहूं. पाश्चात्त्य नीतिशास्त्रांत मुख्य अशा तीन वाटा आहेत. पहिली वाट परिणामाकडे पाहते. ज्या कृतीनें पुष्कळांचें पुष्कळ सुख साधेल ती कृति चांगली, असें इंग्लंडांत बेंथम व त्याच्यामागून जॉन स्टुअर्ट मिल यांनीं प्रतिपादन केलें. दुसरी वाट कर्तव्याची. जो नियम सर्वांनीं पाळावा असें आपणांस मनापासून म्हणतां येईल त्याच नियमानें वागावें, आणि कोणाही मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरूं नये, हें जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७८५ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलें. तिसरी वाट सर्वांत जुनी, ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल याची. धैर्य, न्याय, विवेक हे गुण उपदेशानें येत नसून सवयीनें अंगीं बाणतात. तेव्हां कृतीइतकेंच कर्त्याकडे पाहावें, असा त्याचा रोख आहे. यांपैकीं मिल आणि कांट यांच्या मतांचा परामर्श लोकमान्य टिळकांनीं 'गीतारहस्यां'त घेतला आहे. मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिवाळ्यांत लिहिलेला हा ग्रंथ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. केवळ बाह्य परिणाम मोजून भागत नाहीं, कर्त्याची बुद्धि कशी आहे तें पाहिलें पाहिजे, असा कौल टिळकांनीं त्यांत दिला.

शास्त्र एवढें पुरे. आतां तें एका खऱ्या प्रसंगावर घासून पाहूं.

२८ जानेवारी १९८६ रोजीं अमेरिकेंत फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरून 'चॅलेंजर' हें अंतराळयान उडालें, आणि ७३ सेकंदांत आकाशांत त्याचे तुकडे झाले. आंतील सातही जण मरण पावले. त्यांत क्रिस्टा मॅकॉलिफ नांवाची एक शाळाशिक्षिका होती. अंतराळांतून मुलांना धडा देण्यासाठीं तिची निवड झाली होती, आणि तिकडील शाळाशाळांतून मुलें तें उड्डाण पाहत बसलीं होतीं. मी त्या वेळीं नुकता शिक्षक झालों होतों. वर्तमानपत्रांत ती बातमी वाचून वर्गावर गेलों, तेव्हां मुलांकडे पाहवेना.

अपघाताचें कारण यंत्रांत होतें, तसेंच तें आदल्या रात्रींच्या एका बैठकींतही होतें. यानाला वर नेणारे दोन मोठे अग्निबाण यूटा राज्यांतील मॉर्टन थायोकोल या कंपनीनें बनविलेले होते. हे अग्निबाण अखंड नसून तुकड्यांनीं जोडलेले असत, आणि आंतला तप्त वायु बाहेर फुटूं नये म्हणून सांध्यांत रबराचीं दोन कडीं बसविलेलीं असत. अग्निबाणानें पेट घेतांच दाबानें सांधा किंचित उघडतो. त्याच क्षणीं रबरानें उसळून ती फट बुजवावयाची असते. थंडीनें रबर ताठर होतें आणि ही उसळी मंदावते. तोंपर्यंतचें सर्वांत थंड उड्डाण जानेवारी १९८५ मधील होतें. त्या वेळीं सांध्याचें तपमान सुमारें १२ अंश सेल्सिअस होतें, आणि पहिल्या कड्याच्या पलीकडे काजळी गेलेली आढळली होती. या सांध्याकडे तांतडीनें लक्ष दिलें नाहीं तर मोठा अनर्थ होऊन मनुष्यहानि होईल, असें कंपनीचे इंजिनियर रॉजर बोजोले यांनीं ३१ जुलै १९८५ रोजीं वरिष्ठांना लेखी कळविलें होतें.

२७ जानेवारी १९८६ च्या रात्रीं थंडी गोठणबिंदूच्याही खालीं जाणार असा अंदाज आला. यूटा, अलाबामा आणि फ्लॉरिडा या तीन ठिकाणचीं माणसें टेलिफोनवरून एकत्र आलीं. तपमान १२ अंशांच्या खालीं असेल तर उड्डाण करूं नये, असें इंजिनियरांनीं सांगितलें. नासा या सरकारी संस्थेच्या अधिकाऱ्यांना हें रुचलें नाहीं. मग उड्डाण काय एप्रिलांत करावयाचें, अशा आशयाचा त्रागा एकानें केला. न्यायानें बोलावयाचें तर इंजिनियरांचा पुरावाही निर्विवाद नव्हता. २४ अंशांवरील एका उड्डाणांतही काजळी सांपडली होती, आणि गोठणबिंदूजवळच्या तपमानांत काय होईल याचे पुरेसे आंकडे त्यांच्यापाशीं नव्हते. कंपनीनें थोडा वेळ मागून घेतला. अर्ध्या तासाच्या त्या खासगी चर्चेंत एका वरिष्ठानें इंजिनियरिंग खात्याच्या उपाध्यक्षाला सुचविलें कीं, आतां इंजिनियरची टोपी उतरवून मॅनेजरची टोपी घाला. मराठींत 'टोपी घालणें' याचा जो दुसरा अर्थ आहे, तो येथें अनायासें जुळतो. चार मॅनेजरांनीं मत दिलें. इंजिनियरांचें मत घेतलें गेलें नाहीं. उड्डाणास हरकत नाहीं अशी शिफारस करण्याचें ठरलें. फ्लॉरिडांत हजर असलेले कंपनीचे अधिकारी ॲलन मॅक्डोनाल्ड यांनीं तिच्यावर सही करण्याचें नाकारलें. ती सही यूटांत दुसऱ्यानें केली. हा सारा वाद शेवटचा हुकूम देणाऱ्या वरिष्ठांपर्यंत पोंचला नाहीं, आणि यानांत बसणाऱ्या सात जणांपर्यंतही पोंचला नाहीं. दुसऱ्या दिवशीं उड्डाणाच्या वेळीं हवेचें तपमान २ अंश सेल्सिअस होतें.

आतां आपले तीन शास्त्रकार त्या खोलीच्या दाराशीं उभे आहेत असें समजूं. परिणामवादी म्हणेल, "येथें हिशेबच चुकला." त्या मॅनेजरांनीं परिणामांचा विचार केला नव्हता असें नाहीं, लांबत चाललेलें वेळापत्रक, मोठें कंत्राट, ग्राहकाची नाराजी, हे सारे परिणामच होते. परंतु संस्थेंत परिणामांचा हिशेब मांडतांना दोन चुका हटकून होतात. निर्णयाचा लाभ जवळच्यांना दिसतो आणि हानि मात्र दूरच्यांच्या वाट्याला जाते, म्हणून लाभ मोठा आणि हानि लहान भासते. दुसरें असें कीं, जें मोजतां येत नाहीं त्याच्यापुढें नकळत शून्य मांडलें जातें. थंडीतील धोक्याचा आंकडा ठाऊक नव्हता. बैठकींत त्याचा अर्थ धोका नाहीं असा झाला.

कांट विचारील, "त्या सातांना कोणीं विचारलें?" अंतराळांत जाणें धोक्याचें आहे हें ते जाणत होते आणि तो धोका त्यांनीं आपखुषीनें पत्करला होता. परंतु या रात्रीचा हा विशेष धोका त्यांना सांगितलाच गेला नाहीं. ज्याच्या प्राणावर बेतणार त्याच्यापासून ती गोष्ट लपून राहिली, कीं तो मनुष्य साधन झाला. शंका सिद्ध होत नसेल तर पुढें चला, हा नियम आपली स्वतःची मुलगी त्या यानांत बसली असतां आपण मान्य केला असता काय? कांटची कसोटी याहून अवघड नाहीं.

ॲरिस्टॉटल त्या रात्रीकडे फारसा पाहणारच नाहीं. तो मागील वर्षांकडे बोट दाखवील. कड्यांची झीज प्रथम दिसली तेव्हां ती काळजीची बाब होती. यान सुखरूप परत आलें. पुन्हां झीज दिसली, पुन्हां यान परत आलें. हळूहळू झीज ही नेहमींची गोष्ट ठरली. डायान वॉन या समाजशास्त्रज्ञ विदुषीनें या प्रकरणावर १९९६ सालीं मोठा ग्रंथ लिहून हेंच दाखवून दिलें कीं, कोणा दुष्टानें नियम मोडल्यामुळें हा अनर्थ घडला असें नसून, नियमापासून ढळणेंच संस्थेच्या अंगवळणी पडलें होतें. माणसाप्रमाणें संस्थेलाही स्वभाव असतो, आणि तो असाच रोज थोडाथोडा घडतो.

श्रोतेहो, तिन्ही वाटा वेगळ्या असल्या तरी त्या एकाच ठिकाणीं येऊन मिळतात असें मला वाटतें. तें ठिकाण म्हणजे त्या बैठकींत विचारला गेलेला प्रश्न. पूर्वींच्या बैठकांतून उड्डाण सुरक्षित आहे हें सिद्ध करावें लागे. त्या रात्रीं मात्र उड्डाण सुरक्षित नाहीं हें सिद्ध करा, अशी मागणी आपल्यापुढें आली, असें कंपनीच्या माणसांनीं चौकशी आयोगापुढें सांगितलें. पुराव्याचा भार एका खांद्यावरून उचलून दुसऱ्या खांद्यावर ठेवला गेला, आणि तेवढ्यानें निकाल फिरला. आंकडे तेच, माणसें तींच, प्रश्न तेवढा उलटला. पुढें आयोगाचे एक सभासद, पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनीं ११ फेब्रुवारी १९८६ रोजीं भर बैठकींत त्या रबराचा तुकडा चापांत आवळून बर्फाच्या पाण्यांत बुडविला आणि बाहेर काढून दाखविला. आवळलेलें रबर लगेच पूर्ववत् झालें नाहीं. शाळेंतील प्रयोगाइतका साधा हा प्रयोग. परंतु प्रश्न उलटा विचारला गेला कीं साधा प्रयोगही कोणाला सुचत नाहीं.

यावरून संस्था शहाणी झाली असेल असें आपणांस वाटेल. परंतु १ फेब्रुवारी २००३ रोजीं त्याच संस्थेचें 'कोलंबिया' हें यान परतीच्या वाटेवर मोडून पडलें. सात जण गेले, आणि त्यांत आपल्या कर्नालची कल्पना चावला होती. उड्डाणाच्या वेळीं फेंसासारख्या हलक्या पदार्थाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. पंखाचीं छायाचित्रें मिळवावींत अशी इंजिनियरांनीं मागणी केली. ती मान्य झाली नाहीं. धोका आहे हें सिद्ध करण्याचा भार पुन्हां इंजिनियरांवरच पडला होता, असें चौकशी मंडळानें त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें आपल्या अहवालांत नमूद केलें. यंत्राचा दोष निराळा होता. प्रश्नाचा दोष तोच होता.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. प्रत्येक शंकेपाशीं थांबावयाचें ठरविलें तर आगगाडी सुटणार नाहीं, शस्त्रक्रिया होणार नाहीं, शाळेची सहलही निघणार नाहीं. हें मला मान्य आहे. म्हणूनच शंका आली कीं थांबा, असा सरसकट नियम मी सांगत नाहीं. नियम असा असावा: जी हानि भरून काढतां येते, तिच्या बाबतींत धाडस करावें आणि चुकल्यास दुरुस्ती करावी, परंतु जी हानि भरून निघणार नाहीं आणि जी खोलींत हजर नसलेल्या माणसावर कोसळणार आहे, तिच्या बाबतींत पुराव्याचा भार 'चला' म्हणणाऱ्यावर असावा, 'थांबा' म्हणणाऱ्यावर नव्हे. एक दिवसाचा उशीर भरून निघतो. गेलेला जीव परत येत नाहीं.

हें अशक्य आहे असेंही नाहीं. १९८२ च्या सप्टेंबरअखेरीस अमेरिकेंतील शिकागो शहराच्या परिसरांत टायलेनॉल हें वेदनाशामक औषध घेऊन सात जण दगावले. कोणा अज्ञातानें कॅप्सुलांत सायनाइड मिसळलें होतें, आणि तें कारखान्यांत नव्हे तर माल बाहेर पडल्यावर, असें तपासांत दिसलें. मृत्यु झाले ते एका शहराच्या आसपास. तेव्हां इतर शहरांतील बाटल्यांत विष असल्याचें आधीं दाखवा, असें म्हणावयास जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचे अध्यक्ष जेम्स बर्क मोकळे होते. त्यांनीं तसें म्हटलें नाहीं. देशभरच्या सुमारें ३ कोटि १० लक्ष बाटल्या परत घेण्यांत आल्या; खर्च सुमारें १० कोटि डॉलरांचा झाला. आपली पहिली जबाबदारी औषध वापरणाऱ्यांशीं आहे, असें वचन त्या कंपनीनें १९४३ सालापासून लिहून ठेवलेलें होतें. वेळ आली तेव्हां भार कोणीं वाहावयाचा याचा वाद घालावा लागला नाहीं. मात्र एका सत्कृत्यानें संस्थेला जन्माचें प्रशस्तिपत्र मिळत नाहीं. त्याच कंपनीवर पुढें दुसऱ्या मालाबाबत मोठमोठे खटले झाले. नीति ही बँकेंतील ठेव नव्हे. ती रोजची कमाई आहे.

नीतीनें वागल्यास फायदाच होतो, असें सांगून मी कोणाला फसविणार नाहीं. टायलेनॉलला ग्राहक परत मिळाले खरे, परंतु बोजोले यांनीं आयोगापुढें सत्य सांगितल्यावर कंपनींत त्यांना परक्यासारखें वागविलें गेलें आणि त्यांना ती नोकरी सोडावी लागली. मॅक्डोनाल्ड यांना खालच्या कामावर ढकललें गेलें. अमेरिकी काँग्रेसनें डोळे वटारले तेव्हां कोठें त्यांना मान परत मिळाला, आणि मग त्याच सांध्याची नवी रचना करण्याचें काम त्यांच्याकडे आलें. सत्य बोलणाऱ्याला किंमत द्यावी लागते. ती किंमत कमी करणें हेंच वरिष्ठाचें पहिलें नैतिक काम आहे, असें मी म्हणेन.

आतां माझी चूक. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका शाळेंत मुख्याध्यापक रजेवर असतांना कांहीं महिने कारभार माझ्याकडे होता. स्नेहसंमेलनाचा दिवस होता. पाहुणे यावयाचे होते, पालक जमूं लागले होते. शाळेचे वयोवृद्ध शिपाई, ज्यांना आम्ही सारे मामा म्हणत असूं, माझ्यापाशीं येऊन म्हणाले, "गुरुजी, रंगमंचाची उजवी बाजू मला बरी वाटत नाहीं. पाय दिला कीं करकरते. मुलींचा नाच आज खालीं अंगणांतच घ्या." मी घाईंत होतों. मी म्हणालों, "मामा, मांडववाला दरसालचा माणूस आहे. काय मोडलें आहे तें दाखवा, मग पाहूं." मामांना कांहीं दाखवितां आलें नाहीं. मोडलेलें कांहींच नव्हतें, मोडावयाचें होतें. नाचाच्या दुसऱ्या कडव्याला ती बाजू खचली. चार मुली पडल्या; एकीचा हात मोडला. तो पुढें बरा झाला, ही देवाची कृपा. त्यांत माझें कर्तृत्व कांहीं नाहीं.

"मी सांगितलें होतें," असें मामा एका शब्दानेंही म्हणाले नाहींत. त्या मुलीला उचलून प्रथम त्यांनींच दवाखान्यांत नेलें. परंतु त्यानंतर माझ्याकडे कारभार होता तोंवर मामांनीं मला पुन्हां कोणतीही गोष्ट आपण होऊन सांगितली नाहीं. सांगेन तें करीत, विचारीन तेवढें बोलत. त्या मुलीच्या आईची क्षमा मीं मागितली. मामांची मागावयाची राहून गेली. माझ्या एका प्रश्नानें शाळेचे दोन सावध डोळे मिटले होते, हें मला फार उशिरां उमगलें. वाईट मुख्याला वाईट बातमी कळत नाहीं, आणि बातमी येत नाहीं म्हणून सारें ठीक चाललें आहे असें तो समजतो.

आपणांपैकीं पुष्कळ जण कोठें ना कोठें अशा खुर्चींत बसत असाल. कोणी कचेरींत, कोणी पेढीवर, कोणी आपल्या गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस म्हणून. इमारतीची लिफ्ट आवाज करते असें उद्यां वॉचमन सांगेल, तेव्हां "पडली आहे का?" असें विचारूं नका; ती चालू ठेवण्याजोगी आहे असें कशावरून म्हणावें, हें कारागिराला विचारा, आणि तोंवर ती बंद ठेवा. बैठकींत आपलें मत शेवटीं सांगा आणि सर्वांत कनिष्ठ माणसाला प्रथम बोलूं द्या. कोणाचा विरोध असेल तर तो त्याच्या शब्दांत इतिवृत्तांत लिहा आणि वरपर्यंत पोंचवा. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना तो आधीं कळवा. आणि ज्याची शंका खोटी ठरेल त्याचेही आभार माना, नाहींतर खरी शंका घेऊन तो येणार नाहीं.

मिल, कांट आणि ॲरिस्टॉटल यांचे ग्रंथ वाचावयास सवड मिळाली तर अवश्य वाचावे. न मिळाली, तर दाराशीं येऊन कोणी मामा "मला बरें वाटत नाहीं" असें म्हणतील, त्या वेळीं क्षणभर थांबावें आणि पुराव्याचा भार त्यांच्या थकलेल्या खांद्यावर न टाकतां आपल्या खांद्यावर घ्यावा. खुर्ची दिलेली असते ती त्यासाठींच.